‘माझा देह’ म्हणणारा कोण?

मराठीत ताप ‘येतो’, आणि तो ‘मला’ येतो. भूक मला लागते, झोप मला येते, ठेच मला लागते. घडणारं एकीकडे आणि ज्याला घडतं तो दुसरीकडे, अशी आपल्या भाषेची मांडणी आहे. पण पुढच्याच वाक्यात आपण म्हणतो, मी जाड झालो, मी म्हातारी झाले. इथे मधलं अंतर गळून पडतं आणि देहच ‘मी’ होऊन बसतो. ‘माझा गुडघा दुखतोय’ म्हणणारा माणूस गुडघ्याचा मालक असतो. तोच माणूस रक्ततपासणीच्या रिपोर्टातला वाढलेला आकडा पाहून ‘मी संपलो’ म्हणतो. दिवसभरात कितीदा तरी आपण या दोन वाक्यांमधून ये-जा करतो आणि ती कधी झाली हे आपल्या लक्षातही येत नाही.

ध्यानातून देहापलीकडची मोकळीक मिळते, असं आपल्याकडे शेकडो वर्षं सांगितलं जातंय. ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा ठरावीक चित्र उभं राहतं: हिमालयातली गुहा, पद्मासन, देहातून सुटून वर तरंगणारा आत्मा. या प्रकरणात मी वाचकांना मुंबईत गिरगावाशेजारच्या खेतवाडीत नेणार आहे, विडी-तंबाखूच्या एका दुकानदाराच्या घरी. देहापलीकडे जाणं म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ खुलासा मला दुसरीकडे वाचायला मिळालेला नाही.

मारुती शिवराम कांबळी यांचा जन्म १८९७ साली मुंबईत, हनुमान जयंतीच्या दिवशी झाला. म्हणून नाव मारुती. वडील मुंबईत घरगडी म्हणून काम करत. पुढे ते मालवणजवळच्या कांदळगावी शेती करायला गेले आणि मारुतीचं लहानपण गुराढोरांत, शेतीच्या कामांत गेलं. शाळा जेमतेम. १९१५ साली वडील वारले. घर चालवायला आधी थोरला भाऊ मुंबईला आला, त्याच्या मागोमाग १९१८ च्या सुमारास मारुतीही आला. कोकणातल्या हजारो घरांची हीच कथा आहे. काही दिवस कारकुनी करून त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. लहान मुलांचे कपडे, तंबाखू, हातानं वळलेल्या विड्या. धंद्यात जम बसला. एके काळी आठ दुकानं होती. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी लग्न झालं. तीन मुली, एक मुलगा. इथवर या माणसाच्या आयुष्यात अध्यात्माच्या इतिहासात नोंदवावं असं काही नव्हतं.

१९३३ साली एका मित्रानं आग्रह करून त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. सिद्धरामेश्वर मूळचे सोलापूरकडच्या पाथरीचे; तरुणपणी विजापुरात एका पेढीवर हिशेब लिहीत. त्यांचे गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज. उमदी आज सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात येते, आणि भाऊसाहेबांचं इंचगिरी सीमेपलीकडे विजापूर जिल्ह्यात. म्हणून या परंपरेला इंचगिरी संप्रदाय म्हणतात. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे हेही भाऊसाहेबांचेच शिष्य. मराठी आणि कानडी मुलुखाच्या शिवेवर वाढलेली ही परंपरा आहे. तिच्यात दासबोधाचं वाचन होतं, भजन होतं, नाम होतं आणि तासन्‌तास चालणारं ध्यान होतं.

भाऊसाहेबांच्या मार्गाला ‘पिपीलिका मार्ग’ म्हणतात. मुंगी फांदीवरून चालत चालत फळापर्यंत पोचते, तसा सावकाश, सरपटता. सिद्धरामेश्वरांनी पुढे ‘विहंगम मार्गा’वर भर दिला: पक्षी फांदी न चढता सरळ फळावर जाऊन बसतो. विवेकानं, समजुतीनं एका झेपेत जाणं. ही उपमा ऐकून अनेकांना वाटतं की आपल्याला आडवाट सापडली, आता बसायला नको. मला हे वाचन चुकीचं वाटतं. सिद्धरामेश्वरांनी स्वतः आधी वर्षानुवर्षं ध्यान केलं होतं. पक्ष्याला झेप सोपी वाटते, पण त्याच्या अंगी पंखांचं बळ आलेलं असतं.

सिद्धरामेश्वरांची शिकवण चार देहांभोवती फिरते. ही वाटणी जुनीच आहे. दासबोधाच्या वाचकांना ती परिचयाची असेल. पहिला स्थूल देह, म्हणजे हाडामांसाचा, ज्याला आपण आंघोळ घालतो. दुसरा सूक्ष्म: इंद्रियं, प्राण, मन, बुद्धी, म्हणजे आत चाललेला सगळा व्यवहार. तिसरा कारण देह: विस्मरणाचा, काहीच न कळण्याचा. गाढ झोपेत आपण असतो तसा. चौथा महाकारण: निव्वळ जाणीव, ‘मी आहे’ एवढीच. एकेक देह पुढे घ्यायचा, नीट न्याहाळायचा, आणि जे न्याहाळता येतं ते मी कसा असेन, असं विचारायचं. डोळ्याला डोळा दिसत नाही. म्हणून जे दिसलं ते पाहणाऱ्याहून निराळं. स्थूल देह दिसतो, बाजूला ठेवा. मनात येणारे विचार दिसतात, तेही बाजूला ठेवा. ‘मला काही कळलं नाही’ हेही ज्याला कळलं, तो त्या अंधारापेक्षा वेगळा. शेवटी ‘मी आहे’ ही जाणीवसुद्धा सकाळी येते आणि झोपेत मावळते, म्हणून तीही बाजूला ठेवा. मग जे उरतं त्याला परंपरा परब्रह्म म्हणते.

पहिल्या वाचनाला हे नुसतं तर्कट वाटू शकतं. कागदावर चारही देह दहा मिनिटांत ओलांडता येतात आणि संध्याकाळी कुणी आपल्या टकलावर बोललं की आपण पुन्हा पहिल्या देहात येऊन पडतो. मारुती कांबळींचं वेगळेपण इथे आहे. गुरूंनी सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि मोकळा मिळेल तो वेळ एकाच कामाला दिला. ‘मी आहे’ हे जे आत जाणवतं, त्यावर लक्ष ठेवून बसायचं. विशेष आसन नाही, श्वास कोंडणं नाही. दुकान चालू होतं, संसार चालू होता. गुरूंचा सहवास जेमतेम अडीच-तीन वर्षांचा. १९३६ च्या नोव्हेंबरात सिद्धरामेश्वरांनी मुंबईत देह ठेवला. वाळकेश्वरला बाणगंगेपाशी त्यांची समाधी आहे. तोवर शिष्याचं काम झालं होतं, असं शिष्यानं पुढे अनेकदा सांगितलं. मारुतीचे निसर्गदत्त महाराज झाले.

हे ‘मी आहे’ म्हणजे काय, ते शब्दांत सांगताना निसटतं. म्हणून एक रोजचा प्रसंग सांगतो. तुम्ही परगावी लग्नाला गेला आहात. रात्री उशिरा पाहुण्यांच्या घरी हॉलमध्ये गादी टाकून झोपलात. पहाटे अचानक जाग येते. छत ओळखीचं नाही, खिडकी भलत्या बाजूला आहे. क्षणभर आपण कुठे आहोत ते कळत नाही. गाव कळत नाही, वार कळत नाही, कधीकधी स्वतःचं नावही अजून आलेलं नसतं. पण आपण ‘आहोत’ हे कळत असतं. त्याबद्दल शंका नसते. मग एक एक गोष्ट येऊन चिकटायला लागते. अरे, हे तर मावशीचं घर. आज हळद. कंबर धरली आहे. परवा कामावर जायचंय. पाच-सात सेकंदांत पूर्ण माणूस उभा राहतो: अमुक वयाचा, अमुक जातीचा, अमुक आजाराचा, अमुक काळजीचा. निसर्गदत्त महाराज बोट ठेवत ते या पहिल्या क्षणावर. नाव-गाव येण्याआधीचं ते नुसतं असतेपण. तिथे देह होता, अंथरुणावर पडलेला होता. पण तो देह अजून ‘मी’ झालेला नव्हता.

म्हणजे देहाशी एकरूप होणं ही रोज सकाळी नव्यानं घडणारी क्रिया आहे. जे रोज घडतं ते घडताना पाहता येतं. ध्यान हे त्या पाहण्याचं नाव.

गुरू गेल्यावर १९३७ साली निसर्गदत्त घरदार, दुकानं सोडून भटकायला निघाले. हिमालयात जाऊन राहायचं मनात होतं. वाटेत एक गुरुबंधू भेटला. त्याच्याशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की मोकळं व्हायला घर सोडण्याची गरज नाही, आणि ते मुंबईला परतले. धंद्याचा पसारा तोवर विस्कटला होता. एक लहानसं दुकान उरलं होतं. तेवढं पुरेसं आहे म्हणून ते त्यावर बसले. मला त्यांच्या चरित्रातलं हे वळण सगळ्यांत मोलाचं वाटतं. देहापलीकडे गेलेला माणूस खेतवाडीतल्या गल्लीत विडीच्या दुकानावर परत येऊन बसतो. पुढे पत्नी गेली, आई गेली, एक मुलगी गेली. ही दुःखं त्यांच्या वाट्याला आली नाहीत असं कुणी म्हणू नये.

घरात एक माळा होता. उभ्या, शिडीसारख्या पायऱ्या चढून वर जावं लागे. बसायला सतरंजी, भिंतींवर गुरुपरंपरेच्या तसबिरी, उदबत्तीचा वास आणि त्यात मिसळलेला विडीचा धूर. महाराज स्वतः विडी ओढत. दिवसातून चार वेळा भजन. सकाळ-संध्याकाळ लोक यायचे आणि प्रश्न विचारायचे. आधी आसपासचेच यायचे, पुढे जगभरचे यायला लागले. त्याला कारण झालं एक पुस्तक आणि एक विलक्षण माणूस.

मॉरिस फ्रीडमन पोलंडमध्ये जन्मले, पेशानं अभियंता. भारतात म्हैसूर संस्थानात कामाला आले आणि इथलेच झाले. गांधीजींच्या सहवासात होते, तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे जात. आपल्या औंध संस्थानाशीही त्यांचा जवळचा संबंध. १९३९ मध्ये औंधच्या राजांनी प्रजेच्या हाती कारभार दिला, त्या प्रयोगामागे गांधीजींबरोबर फ्रीडमनही होते. आयुष्याच्या उतारावर ते मुंबईत राहत आणि खेतवाडीच्या माळ्यावर येऊन बसत. महाराज बोलायचे मराठीत. त्या संवादांची ध्वनिमुद्रणं झाली आणि फ्रीडमन यांनी त्यांचं इंग्रजी केलं. १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनानं ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक काढलं. त्यानंतर त्या शिडीवरून अमेरिकन, फ्रेंच, जर्मन माणसं चढू लागली. गाभ्यातला प्रत्येक शब्द मालवणच्या मातीतला माणूस मराठीत बोलला होता, आणि जगभर त्याची पारायणं झाली ती भाषांतरांतून. आपल्या बहुसंख्य मराठी वाचकांना मात्र हे नाव आजही ठाऊक नाही. याची मला खंत वाटते.

आता देहाकडे वळू, कारण ‘मी देह नाही’ हे वाक्य फार घातक रीतीनं समजून घेता येतं. देह तुच्छ, देह घाण, देहाला छळा, उपाशी ठेवा, दुखलं तरी दुर्लक्ष करा. अशानं मोकळीक मिळत नाही. देहाचा द्वेष करणाऱ्याच्या मनात देहच अष्टौप्रहर असतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्या योगमार्गाला पंथराज म्हटलं आहे, तो देहातूनच जातो. पाठीच्या कण्यापासून श्वासापर्यंत देहाचा कण न्‌ कण त्यात वापरला जातो. आणि आपल्याच महाराष्ट्रात, इगतपुरीला, गेली कित्येक दशकं देहाच्या मार्गानं देहापलीकडे जाण्याचं शिक्षण दिलं जातंय.

ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे मारवाडी व्यापारी. अर्धशिशीच्या दुखण्यानं इतके हैराण की मॉर्फिन घेण्यापर्यंत पाळी आली होती. त्यातून सुटायला ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन संन्यासी नव्हते. ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. गोयंकांनी १९६९ मध्ये भारतात येऊन मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं चालू झाली. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, आर्य मौन, शुल्क नाही. सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागात काय जाणवतंय ते पाहत जायचं. त्याला शब्द आहे ‘वेदना’. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पाली भाषेत मात्र वेदना म्हणजे जे जे जाणवतं ते सगळं: सुखाचं, दुःखाचं, दोन्ही नसलेलंही. मराठीनं त्या शब्दातून दुखणं तेवढं ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं. बहुधा आपलं देहाकडे लक्ष जातं ते तो दुखला की, म्हणून.

चौथ्या दिवसानंतर ‘अधिष्ठाना’च्या बैठका सुरू होतात. तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझ्या पहिल्या बैठकीत अर्ध्या तासानंतर डावा गुडघा पेटला. ‘पेटला’ हा शब्द तेव्हा मनात आला, पण लक्ष देऊन पाहिलं तर आग अशी एकसंध नव्हती. वाटीच्या आतल्या बाजूला ताण होता. त्याच्या खाली एका ठिकाणी सुई टोचल्यासारखं होऊन थांबत होतं, पुन्हा होत होतं. पोटरीत मुंग्या होत्या. आणि या सगळ्यावर वाक्यांचा एक जाड थर होता: अजून किती वेळ, पाय कायमचा निकामी झाला तर, सगळे शांत बसलेत आणि मलाच जमत नाही. ताण, टोचणं, मुंग्या गुडघ्यात होत्या. वाक्यं गुडघ्यात नव्हती. ती जेव्हा ऐकू आली, ऐकू आली म्हणजे ‘हे वाक्य आहे’ असं कळलं, तेव्हा दुखणं तिथेच असूनही त्यातला दंश गेला. दीड-दोन मिनिटंच हे टिकलं. पुन्हा मी दुखण्यात शिरलो, पुन्हा घड्याळाची वाट पाहू लागलो. तासाची घंटा झाल्यावर पाय लांब केला आणि थोड्याच वेळात दुखणं ओसरलं. मला काही मुक्ती मिळाली नव्हती. पण दुखणं आणि ‘मी दुखतोय’ या दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये पाऊल ठेवायला जागा आहे, हे त्या गुडघ्यानं दाखवलं. कोणत्याही पुस्तकानं मला ते इतकं पटवलं नव्हतं.

संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात बुद्धांनी याला दोन बाणांची उपमा दिली आहे. एक बाण देहाला लागतो. लगेच दुसरा लागतो तो मनाला, म्हणजे रडण्याचा, कष्टी होण्याचा. जाणत्या माणसालाही पहिला बाण लागतोच. दुसरा लागत नाही. २०११ साली अमेरिकेत फदेल झैदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याशी जुळणारा एक प्रयोग केला होता. ध्यानाची सवय नसलेल्या मोजक्या स्वयंसेवकांना चार दिवस रोज वीस मिनिटं श्वासावरचं ध्यान शिकवलं आणि त्यांच्या पोटरीला चटका बसेल इतकी उष्णता देऊन मेंदूचं चित्रण केलं. ध्यानात असताना दुखण्याची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी नोंदवली गेली आणि दुखण्याचा त्रास ५७ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता, त्यावर इमारत बांधू नये. पण तीव्रता आणि त्रास हे दोन आकडे वेगवेगळे आले, ही गोष्ट दोन बाणांशी चांगलीच जुळते.

देह ‘माझा’ कसा होतो, यावरही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरंच काम झालं आहे. त्यातला एक प्रयोग तर घरीही करून पाहता येईल इतका साधा आहे. १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी तो प्रसिद्ध केला. माणसाला टेबलापाशी बसवायचं. त्याचा खरा हात आडोशामागे ठेवायचा आणि समोर रबरी हात ठेवायचा. मग दोन मऊ कुंचल्यांनी खरा हात आणि रबरी हात एकाच वेळी, एकाच जागी कुरवाळायचे. माणूस पाहतोय रबरी हाताकडे. थोड्या वेळात अनेकांना स्पर्श त्या रबरी हातात जाणवू लागतो, तो हात आपलाच वाटू लागतो. डोळा आणि त्वचा दोघांची साक्ष जुळली की मेंदू मालकीचा दाखला देऊन टाकतो, रबराला देखील. ‘हा देह माझा’ ही आपल्याला सर्वांत पक्की वाटणारी गोष्ट दोन कुंचल्यांनी हलते.

दुसरं उदाहरण जिनिव्हाचं. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकारी अपस्माराच्या एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी करत होते. उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी, कानाच्या वर थोडं मागे, विजेचा सौम्य प्रवाह दिला की तिला आपण पलंगावरून वर उचललो गेल्यासारखं वाटे आणि वरून आपलेच पाय आणि कमरेखालचा भाग दिसे. म्हणजे ध्यानात, भुलीत, अपघातात लोकांना ‘देहातून बाहेर पडल्याचा’ जो अनुभव येतो, त्याच्याशी मेंदूच्या या भागाचा संबंध आहे.

काही साधकांना हे वाचून वाईट वाटतं. मला वाटतं, वाईट वाटायचं कारण नाही. छताजवळून स्वतःला पाहणाऱ्याला विचारा, तू कोण? तो म्हणेल, मी. तोच ‘मी’, त्याच नावाचा, त्याच भीतीचा. फक्त जागा बदललेली. पलंगावर होता, आता छताशी आहे. ज्याला खेतवाडीत ओलांडायला सांगत होते तो हाच. अंग हलकं होणं, प्रकाश दिसणं, तरंगल्यासारखं वाटणं, हे अनुभव येतात तसे जातात, आणि जे येतं-जातं त्याला ज्ञानेश्वरांपासून निसर्गदत्तांपर्यंत कुणी मुक्काम मानलेलं नाही. ध्यानाला बसणाऱ्यांनी असल्या अनुभवांची वही ठेवू नये. कुणाला किती दिसलं याची चढाओढ अनेक सत्संगांत चालते. ती साधनेला लागलेली कीड आहे.

मग मोकळीक ओळखायची कशावरून? आजारपणावरून, असं मी म्हणेन.

१९८० मध्ये निसर्गदत्त महाराजांना घशाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. वय त्र्याऐंशी. आयुष्यभर विडी ओढलेली होती, आणि तंबाखूनं घशाचं काय होतं हे आज आपल्याला नीट ठाऊक आहे. देह देहाच्या नियमानं चालला; आत्मज्ञानानं त्याला सूट मिळाली नाही. ही गोष्ट भक्तांनी झाकू नये आणि टीकाकारांनी तिचं भांडवल करू नये. ज्या घशातून बोलायचं तोच घसा गेला, तरी माळ्यावरचं बोलणं थांबलं नाही. बैठका आखूड झाल्या, आवाज क्षीण झाला, पण प्रश्न घेणं चालू राहिलं. १९८१ च्या मध्यापर्यंतचे ते संवाद पुस्तकरूपात उपलब्ध आहेत. त्यांत आजाराचा उल्लेख येतो तो घरी आलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा: आलाय, राहील, हे घर पाडून जाईल. ज्याच्या घरी आलाय तो मी नव्हे, हे सांगताना आवाजात कुठे जोर लावलेला नाही. ८ सप्टेंबर १९८१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांनी खेतवाडीतल्या घरीच देह ठेवला.

त्याआधी एकतीसेक वर्षं तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या बाबतीत असंच घडलं होतं. महर्षी सोळा वर्षांचे असताना, १८९६ साली, मदुराईत काकांच्या घरी मरणाच्या भीतीनं त्यांना एकाएकी घेरलं. तो मुलगा पळाला नाही. आडवा झाला, अंग ताठ केलं, श्वास धरला आणि आतल्या आत विचारलं, हा देह मेला तर मी मरतो का? त्या एका प्रश्नावर पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. १९४९ मध्ये त्यांच्या डाव्या दंडावरच्या कर्करोगाच्या गाठीवर पाठोपाठ शस्त्रक्रिया झाल्या. १४ एप्रिल १९५० रोजी ते गेले. दुखत होतं, हे त्यांनी नाकारलं नव्हतं.

या दोन्ही मरणांकडे पाहिलं की ‘देहापलीकडे’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. देह दुखला, खंगला, पडला. पण दुखण्यानं कुणी आतून पकडला गेला नाही.

ध्यानाला बसू इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी मनापासून सांगतो. पहिली, ध्यान हे औषध नाही. गाठ लागली, वजन उतरलं, आवाज बसून तीन आठवडे झाले, तर आधी डॉक्टरांकडे जा. देह मी नसेन, पण तो सांभाळायला आपल्याकडे दिलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. काही माणसांना स्वतःपासून तुटल्यासारखं वाटतं. हातपाय परके वाटतात, जग काचेमागे गेल्यासारखं होतं, आपलीच माणसं पाहून काही वाटेनासं होतं. ही मोकळीक नव्हे. तो मानसिक त्रास आहे, त्यावर उपचार आहेत, आणि अशा वेळी ध्यान वाढवण्याऐवजी थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. इगतपुरीच्या शिबिराचा अर्ज भरतानाही मानसिक आजाराबद्दल विचारतात. तिथे खरं लिहावं. दोन्हींतला फरक ओळखणं फारसं अवघड नाही. मोकळा झालेला माणूस लोकांत अधिक मिसळतो, त्याला दुसऱ्याचं दुखणं लवकर कळतं. तुटलेला घाबरलेला असतो आणि एकटा पडत जातो.

सुरुवात कुठून करायची, असं वाचक विचारतील. दहा दिवस काढता आले तर उत्तमच. पण मी सांगतो ती जागा प्रत्येकाच्या घरात आहे. उद्या पहाटे जाग येईल तेव्हा लगेच मोबाईल हातात घेऊ नका. कूस बदलू नका. आजचा वार, आजची कामं, कालचं भांडण आणि तुमचं नाव, ही मंडळी दाराशी आलेलीच असतील. त्यांना क्षणभर तिथेच उभं राहू द्या आणि ती आत येण्याआधी तुम्ही होतात का, तेवढं पाहा.